खरी दुनाळी, चौकोनी दुनाळी

पुण्यात बंदुकांचं दुकान असतं, हेच पुष्कळ पुणेकरांना ठाऊक नसतं. आमचं होतं कॅम्पात, एक शिंपी आणि एक चष्मेवाला यांच्या मधोमध. दिवसाकाठी जी चार माणसं आत यायची त्यांतलं एक हमखास चष्म्याची काडी घट्ट करून मागायचं. दिवाळीच्या तोंडावर कुणी ना कुणी टिकल्यांचं पिस्तूल विचारायला यायचं. मी सांगायचो, "इथे खऱ्या बंदुका मिळतात." त्यावर एका गृहस्थांनी मला ऐकवलं होतं, "खऱ्या ठेवता आणि साधं टिकल्यांचं पिस्तूल ठेवत नाही? काय दुकान आहे!"

गेल्या वर्षी ते दुकान मी बंद केलं. म्हणून आता त्याविषयी लिहायला मोकळा झालो आहे. दुकान चालू असताना लिहिलं असतं, तर वाचकांना ती जाहिरात वाटली असती आणि पोलिसांना आणखी काहीतरी.

माझे वडील खडकीला लष्कराच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी परवाना काढला आणि बंदूकदुरुस्तीचं दुकान टाकलं. मी बी. कॉम. होऊन बँकेच्या परीक्षा देत होतो. तोवर जरा दुकानात बस म्हणाले. मी बसलो तो सत्तरी जवळ येईपर्यंत बसलो.

लोकांना वाटतं, आम्ही बंदुका विकतो. विक्री फार थोडी. रानडुकरांनी हैराण झालेला एखादा शेतकरी, नेमबाजी शिकणारी मुलं, दारावर उभे राहणारे गनमॅन, एवढीच आमची गिऱ्हाइकं. खरं काम दुरुस्तीचं, आणि त्याहून मोठं काम सांभाळण्याचं. निवडणूक आली की परवानेवाल्यांना बंदूक जमा करावी लागते. काही जण ती पोलीस ठाण्यात देतात, काही आमच्यासारख्यांकडे. त्या महिन्या-दोन महिन्यांत आमचं दुकान म्हणजे पाळणाघर. मुळशीकडचे एक पाटील बंदूक ठेवून निघताना दारातून परत वळायचे आणि मला सांगायचे, "भिंतीला टेकवून ठेवू नका, तिला सवय नाही." निकाल लागला की सगळ्यात आधी न्यायला हजर. कोण निवडून आलं हे त्यांना कधी कधी मीच सांगायचो.

मालक वारला, की बंदुकीचं काय करायचं हा घरच्यांपुढे प्रश्न असतो. तिचा पुढचा निकाल लागेपर्यंत ती आमच्याकडे यायची. एरंडवण्यातल्या एक आजी यजमानांची बंदूक घेऊन आल्या होत्या. रिक्षाने नव्हे, सिटी बसने. एका कापडी पिशवीत नळी, दुसरीत दस्ता, वरून कढीपत्त्याची जुडी. मला घाम फुटला. म्हटलं, "अहो आजी, कंडक्टरनं काही विचारलं नाही?"

"विचारलं ना. सुट्टे आहेत का म्हणून."

अशा गमती पुष्कळ आहेत. पण दुकान बंद झाल्यापासून मला सगळ्यात जास्त आठवण येते ती दोघांची. एक फुरसुंगीचे हरिभाऊ कामठे आणि दुसरी अमरावतीची स्नेहल वानखडे. दोघांची ओळख माझ्या दुकानात झाली, एका दुनाळी बंदुकीवरून. म्हणून आधी ती दुनाळी.

दुनाळी म्हणजे शेजारी शेजारी दोन नळ्या असलेली बंदूक. ती मधोमध एका बिजागरीवर मोडते. आमच्या धंद्यात मोडणं म्हणजे उघडणं. मोडायची, दोन काडतुसं घालायची, मिटायची. दोन बार झाले की पुन्हा मोडायची. संथ, भरवशाचं काम. हरिभाऊंची दुनाळी फार काही उंची नव्हती, पण तिचा अक्रोडाचा दस्ता हाताळून हाताळून काळपट तांबूस झाला होता. अशी झळाळी पॉलिशने येत नाही.

हरिभाऊ फौजेत शिपाई होते. पेन्शनीत आल्यावर ते एका बँकेच्या दारात गनमॅन म्हणून उभे राहत. या नोकरीत बंदूक आणि परवाना माणसाचा स्वतःचा लागतो. बंदूक नाही तर नोकरी नाही. उंच, शिडशिडीत माणूस, भरघोस मिशी, बोलणं अगदी थोडं. वर्षातून एकदा बंदूक तपासून घ्यायला यायचे, बाकावर ताठ बसायचे, चहा घ्यायचे आणि जायचे.

एका दुपारी ते आले आणि बंदूक काउंटरवर आडवी ठेवली.

"तेल घालायचंय का?" मी विचारलं.

"न्हाय. ठिवून घ्या तुमच्यापाशी."

"गावाला चाललात?"

"न्हाय."

"मग किती दिवस ठेवू?"

"सांगतो की." त्यांनी पिशवीतून काडतुसांचा डबा काढला आणि तोही ठेवला. "हे बी घ्या."

"अहो हरिभाऊ, पण तुमची नोकरी?"

"सोसायटीत वॉचमन घेत्यात, बिबवेवाडीला. तितं काठी पुरती."

त्यांच्या मंडळी काही महिन्यांपूर्वी गेल्याचं मला ठाऊक होतं. बरेच दिवस आजारी होत्या. एकुलता मुलगा सुरतेला कामाला. म्हणजे घरी हरिभाऊ एकटेच. माझे वडील म्हणायचे, दुकानात माणूस आला की आधी त्याचा परवाना बघू नकोस, तोंड बघ. मी हरिभाऊंच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. बंदूक उचलली, आतल्या लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं. मग मला उगाच धास्ती वाटली की हा माणूस आता पुन्हा येणार नाही. म्हणून म्हटलं, "महिन्याला एकदा येऊन हात फिरवून जा. पडून राहिली तर गंज धरते."

आमच्या कपाटात बंदूक वर्षभर पडून राहिली तरी गंजत नाही. फौजेत हयात घालवलेल्या माणसाला हे माझ्याहून चांगलं ठाऊक. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "येतो."

आणि ते यायला लागले. महिन्याचा पहिला सोमवार म्हणजे हरिभाऊंचा. मी दुनाळी काढून द्यायचो, ते ती मोडायचे, नळ्यांतून फडकं फिरवायचे, दस्त्याला बोटाने तेल चोळायचे. एकदाही त्यांनी ती खांद्याला लावली नाही. काम झालं की परत माझ्या हातात द्यायचे. आम्ही दोघं ऊस, पाऊस, फुरसुंगीच्या डेपोतला कचरा यांवर बोलायचो. बंदूक का ठेवली, यावर कधीच नाही. अशी पाचसहा वर्षं गेली असतील.

स्नेहल आली ती मात्र बडबडतच. पंचविशीतली मुलगी, पाठीवर सॅक, हातात हेल्मेट.

"काका, बंदुका बघायच्या होत्या."

"परवाना?"

"नाही ना. विकत नाही घ्यायची. फक्त बघायचीय."

"हे संग्रहालय नाही," मी म्हणालो. "आणि चष्मेवाला पलीकडे आहे."

ती हसली आणि बाकावर बसलीच. म्हणाली, ती विमाननगरला व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. गेममधल्या बंदुका काढायचं काम तिचं. आत्तापर्यंत इंटरनेटवरचे फोटो बघून काढत होती. "पण काका, फोटोत वजन दिसत नाही ना. मी काढलेल्या सगळ्या बंदुका पुठ्ठ्याच्या वाटतात."

हे वाक्य मला आवडलं. तरी मी कायदा सांगितला: बंदूक माझ्या हातात राहील, तू हात लावायचा नाही, फक्त बघायचं. ती तयार झाली. शनिवारी सकाळी गिऱ्हाईक नसताना येऊ लागली. मी एकेक बंदूक खोलून दाखवायचो, ती वहीत चित्रं काढायची आणि माझं डोकं खायची. ही दांडी कशाला? ही उजवीकडेच का? बार काढल्यावर हात कुठे जातो? चाळीस वर्षांत इतके प्रश्न मला एकाही गिऱ्हाइकाने विचारले नव्हते. गिऱ्हाईक विचारतं, कधी मिळेल आणि कमी होईल का.

महिनाभराने तिने लॅपटॉपवर काम दाखवलं. मी बघतच राहिलो. सगळं चौकोनी. लहान मुलांच्या ठोकळ्यांतून रचल्यासारखी माणसं, चौकोनी डोकी, चौकोनी झाडं, चौकोनी ढग. आणि त्या माणसांच्या चौकोनी हातांत चौकोनी बंदुका.

"ही बंदूक आहे की विटांचा ढीग?"

"ब्लॉकी स्टाइल आहे काका. असाच गेम आहे आमचा."

"मग एवढं कोरीवकाम उतरवून नेलंस ते कुठे गेलं? दस्त्यावरची जाळी? ही नळीवरची वेलबुट्टी?"

"काढून टाकलं."

मला रागच आला. बाईने पैठणी बघायला मागावी आणि घरी जाऊन त्याच रंगाचं पायपुसणं शिवावं, तसं वाटलं. स्नेहलने माझा राग ऐकून घेतला. मग म्हणाली, "काका, एक करा. त्या रॅककडे डोळे बारीक करून बघा. अगदी किलकिले. काय दिसतं?"

मी बघितलं. जाळी, वेलबुट्टी, नावं, सगळं नाहीसं झालं. उरल्या त्या नुसत्या सावल्या. आणि तरी मला प्रत्येक बंदूक ओळखू येत होती. ही दुनाळी, ही एकनळी, ती नेमबाजीची रायफल, ती छऱ्याची. दस्त्याचा उतार, नळीची लांबी, मधला फुगवटा, बस्स.

"तेवढंच ठेवायचं," ती म्हणाली. "मोबाईलवर नखाएवढी दिसते हो काका. नखाएवढी असताना ओळखू आली, तरच ती बंदूक."

त्यानंतर मी विटांचा ढीग हा शब्द वापरला नाही. उलट तिच्या चौकोनांत लक्ष घालू लागलो. एक चौकोन काढला तर दुनाळीची काठी होते, एक वाढवला तर तोफ होते, यावर आम्ही शनिवारचे शनिवार वाद घातले आहेत. एका रायफलीच्या काडतुसाची रिकामी पुंगळी तिने डावीकडून उडवली होती. मी म्हटलं, ती उजवीकडून उडते. ती म्हणाली, "मला माहितेय. पण उजवीकडून उडली तर खेळणाऱ्याला दिसत नाही, आणि दिसली नाही तर मजा नाही." तिला माहीत होतं आणि तरी तिने ते बदललं होतं. हे कसब मला नवीन होतं. आमच्या धंद्यात माहीत असून बदललं तर बोट जातं.

मग एकदा तिची अडचण झाली. बंदूक जमली, पण ती धरणारा माणूस जमेना. तिला एखादा माणूस दुनाळी उचलताना, मोडताना, भरताना, खांद्याला लावताना मोबाईलवर टिपून हवा होता. मी स्वतः करून दाखवलं. ते बघून ती फार सभ्यपणे म्हणाली, "काका, तुम्ही ती विकायला काढल्यासारखी धरता."

योगायोगाने पुढचा सोमवार हरिभाऊंचा होता. बंदूक त्यांची, परवाना त्यांचा, म्हणजे कायद्याने अडचण नाही. मी तिला सुट्टी काढून ये म्हणालो. आणि मग रविवारभर मनात चरचरत राहिलं. ज्या माणसाने इतक्या वर्षांत बंदूक खांद्याला लावली नाही, त्याला मी ती लावायला सांगणार होतो.

हरिभाऊ आले. स्नेहलने त्यांना नमस्कार केला, आपलं काम समजावलं. त्यांना गेम म्हणजे काय हे फारसं कळलं असेल असं वाटत नाही, पण पोरीला मदत हवी आहे हे कळलं. मी नळ्या रिकाम्या असल्याचं दोघांना दाखवलं. भरायचं दाखवायला माझ्याकडे पितळेची नकली काडतुसं होती, ती दिली. हरिभाऊंनी दुनाळी मोडली, भरली, मिटली. सगळं कसं पाण्यासारखं. स्नेहल टिपत होती.

"आता काका, एकदा खांद्याला लावा ना."

हरिभाऊ थांबले. बंदूक हातात आडवी. ती वर जाईना. मी पुढे झालो आणि नळी धरली.

"राहू दे हरिभाऊ. एवढं पुरे."

त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली आणि बाकावर बसले. स्नेहलने मोबाईल खाली घेतला. तिला वाटलं, आपलं काही चुकलं.

"तुजं काय न्हाय पोरी," हरिभाऊ म्हणाले. मग, कुणाकडे न बघता: "आमची मंडळी गेली, तवाची गोष्ट हाय. ड्यूटीवरनं घरी गेलो की कपाट उघडायचो आन् हिच्याकडं बघत बसायचो. जेवायचं ध्यान नसायचं. रोजच चालू झालं ते. मंग एक दिस मला माजीच भीती वाटली. म्हनलं, हिला घरात ठिवायची न्हाय. उचलली आन् हितं आनून दिली."

 मी ते पहिल्या दिवशीच ओळखलं होतं, पण ओळखणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. स्नेहल त्यांच्या शेजारी जाऊन बसली. सांत्वनाचं काही बोलली नाही, हे मला तिचं फार शहाणपणाचं वाटलं. मग तिने विचारलं, "काका, चहा सांगू?"

"सांग. साखर कमी."

चहा झाल्यावर हरिभाऊ स्वतःच उठले. "आन गं तुजा मोबाईल." त्यांनी माझ्याकडे हात केला. मी पुन्हा नळ्या तपासल्या आणि बंदूक दिली. या खेपेला त्यांनी ती खांद्याला लावली. पाय अंतरावर, डावा हात नळीखाली, गाल दस्त्याला, पाठ किंचित पुढे. साठी ओलांडलेला माणूस एका क्षणात तीस वर्षांनी लहान झाला. मग त्यांनी बंदूक खाली घेतली, मोडली, नकली काडतुसं काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "झालं?"

"झालं काका," स्नेहल म्हणाली. 

काही महिन्यांनी एका सोमवारी ती मोबाईल नाचवतच आली. गेम बाहेर पडला होता. त्यात एक नवा माणूस होता, त्याचं नाव चौकीदार. खाकी कपडे, हातात दुनाळी, आणि चौकोनी तोंडावर तीन काळ्या चौकोनांची मिशी.

"काका, तुमचं नाव देणार होते. विचारायचं राहिलं."

"नाव नगं," हरिभाऊ स्क्रीनकडे निरखून बघत म्हणाले. "मिशी ऱ्हाऊ दे."

तो चौकोनी चौकीदार चालत होता ते थेट हरिभाऊंसारखं, पाठ ताठ, पावलं मोजून. त्याने बंदूक मोडली ती त्यांच्यासारखीच. मला त्या वीतभर पडद्यावर अक्रोडाचा काळपट तांबूस रंगसुद्धा ओळखू आला. तिने तो मोजके चौकोन वापरून कसा आणला, कोण जाणे. स्नेहल खेळून दाखवत होती. कोपऱ्यावरून एक निळा चौकोनी माणूस आला, त्याने गोळ्या झाडल्या आणि चौकीदार ठोकळे सुटावेत तसा विखरून पडला.

"मेला व्हय?" हरिभाऊंनी विचारलं.

"हो, पण थांबा ना. आता उठेल."

आणि चौकीदार आपल्या चौकीपाशी पुन्हा उभा राहिला. मिशीसकट.

हरिभाऊ बराच वेळ बघत राहिले.  आपण भलतीच गोष्ट दाखवली असं मला वाटलं.

"परत उठतो?"

"दर वेळी."

"आन् ह्यो ज्याला मारतो, तो?"

"तोही उठतो."

"सगळीच उठत्यात?"

"सगळेच."

"मंग ह्यांचं भांडान मिटायचं कवा?"

"दहा मिनिटांनी," स्नेहल म्हणाली. "मॅच संपली की."

हरिभाऊ हसले. मी त्यांना मोठ्याने हसताना पहिल्यांदा ऐकलं. "झ्याक हाय," म्हणाले, "दहा मिंटात मिटतंय तर झ्याक हाय." आणि मग हळूच, "आमच्याकडं एक बी उठत न्हाय गं." पण ते त्यांनी रडवेल्या सुरात म्हटलं नाही. दोन गावांतला फरक सांगावा तसं सांगितलं. पुढे किती तरी सोमवारी ते मला तिचा फोन लावायला सांगायचे आणि तिला विचारायचे: आपला चौकीदार कसा हाय? ती सांगायची, मुलं म्हणतात, दोन बार झाले की फार वेळ लागतो भरायला. हरिभाऊ म्हणायचे, "लागूच दे."

नंतर स्नेहलला बंगळूरला चांगली नोकरी लागली. निरोप घ्यायला आली तेव्हा तिने मला वहीतलं एक चित्र फाडून दिलं, माझं. मीही चौकोनी, चष्मा चौकोनी, कपाळावर आठ्यांचे तीन चौकोन. बायको म्हणाली, हुबेहूब.

मग माझे गुडघे, वाढतं वय, कॅम्पातली रहदारी. मुलगी वाकडला असते, ती आणि जावई दोघंही नोकरीत. दुकान घ्यायला कुणी नाही. परवाना पुन्हा नवा करायचा नाही असं ठरवलं. सांभाळायला ठेवलेल्या बंदुका एकेक करून मालकांना परत द्यायला लागलो, काही दुसऱ्या दुकानदाराकडे पाठवल्या. कपाट रिकामं होत गेलं. शेवटी एक दुनाळी राहिली.

हरिभाऊंना बोलावून घेतलं. म्हटलं, "दुकान बंद करतोय. रविवार पेठेतल्या माझ्या ओळखीच्या दुकानदाराकडे तुमची ठेवण्याची सोय करतो."

ते म्हणाले, "नगं. घरी नेतो."

 कायद्याने मला नाही म्हणायचा हक्क नव्हता. परवाना चालू, बंदूक त्यांची. किल्ली हातात घेऊन मी कपाटापाशी गेलो आणि तिथेच उभा राहिलो. इतक्या वर्षांत आम्ही दोघं या विषयाला बगल देत आलो होतो. आता बगल देण्याइतकं दुकान शिल्लक नव्हतं.

मी वळून म्हटलं, "हरिभाऊ, मला भीती वाटते."

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, दुखावले. मग म्हणाले, "मला बी."

"मग नेता कशाला?"

"तुमी म्हनाल ते करायचं, असं ठरवून आलो हाय. तुमी दिली असती तर नेली असती. तुमी भ्यालात ते बरं झालं."

आम्ही दोघं खाली बसलो. मी सांगितलं, बंदूक सरकारजमा करता येते. ठाण्यात जाऊन द्यायची, परवानाही द्यायचा, मग ती कायमची गेली. दुसऱ्याकडे ठेवण्यासारखं नाही ते, परत मागता येत नाही. विचार करा, चार दिवस घ्या. त्यांनी फार विचार केला नाही. दुनाळी मोडली, नळ्यांतून फडकं फिरवलं, दस्त्याला तेल चोळलं, शेवटचं. मिटून म्हणाले, "चला. तुमी संगं या."

रिक्षाने गेलो. ठाण्यातल्या हवालदाराने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "चांगली बंदूक आहे की आजोबा. का देताय?"

"आता नगं," हरिभाऊ म्हणाले.

"विकून तरी टाकायची."

"नगं."

हवालदाराने आणखी विचारलं नाही. त्याने बंदूक उचलून आत नेली. जाताना ती त्याने नळ्या खाली करून, नीट धरली होती. हरिभाऊंनी ते बघितलं आणि मान हलवली. काम व्हायला दुपार गेली. बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं.

पायरीवर आम्ही दोघं उभे राहिलो. मला जायला दुकान नव्हतं आणि त्यांना यायला. समोर एक अमृततुल्य होतं, तिथे जाऊन बसलो. चहा आला. हरिभाऊंनी बशीत ओतला आणि फुंकर मारता मारता एकदम हसू लागले.

"काय झालं?"

"आमची मंडळी ह्या बंदुकीला सवत म्हनायची. हिला पुसायला मी जुन्या लुगड्याची चिंधी घ्यायचो. तर म्हनायची, माजं लुगडं फाडून सवतीला पुसताय व्हय? आन् पुसायची तर नीट तरी पुसा, म्हनून स्वताच घेऊन बसायची पुसत. पाक आरशावानी करायची."

मी दुसरा चहा सांगितला. हरिभाऊ बोलत राहिले. ती लग्न होऊन आली तेव्हा फुरसुंगीत वीज नव्हती. ते फौजेत होते तेव्हा त्यांची पत्रं ती शेजारणीकडून वाचून घ्यायची आणि त्यांतला अर्धा मजकूर शेजारीण गाळायची. कारलं आवडायचं तिला, आणि भांडण. दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं तेव्हा तिने विचारलं होतं, म्हशीचं कोण बघतंय? एवढं सगळं त्यांच्या पोटात होतं आणि इतके सोमवार आम्ही उसाच्या भावावर बोलत घालवले होते. हॉटेलवाल्याने दिवे लावले, शेजारच्या बाकावरची माणसं दोनदा बदलली. आम्हाला कुणी उठवलं नाही.

त्यांच्या मंडळींचं नाव शेवंता होतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं.